कॉर्कवरचं कुंकू

लीड्समधल्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी राहिलीच नाही. जुन्या गाद्या, मुलीची छोटी सायकल आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून न टाकलेल्या वस्तू तिथं राहतात. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मी तो सगळा पसारा एका भिंतीला सारला, फरशी झाडून घेतली आणि डॉक्टरकाकांचं मासेमारीचं सामान तिथं आणून टाकलं. गाडीच्या तीन फेऱ्या झाल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “एका माशासाठी एवढं? आणि तो पण परत सोडणार!”

तिचं तसं चुकत नव्हतं. सॅमन हा समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत चढणारा मासा. नदीत शिरला की तो खाणं सोडतो. म्हणजे ज्याला भूकच नाही त्याला गळावर पिसं आणि दोरे गुंडाळून केलेली खोटी माशी दाखवायची, आणि त्यानं चिडून किंवा जुन्या सवयीनं ती तोंडात धरावी म्हणून कमरेइतक्या थंड पाण्यात तासन् तास उभं राहायचं. मासे आता इतके कमी उरलेत, की आम्ही जायचो त्या नदीवर धरलेला प्रत्येक मासा लगेच सोडून द्यावा लागतो. सहा वर्षांत मला दोन मिळाले होते. काकांना शेवटचा मिळून तीन सीझन झाले होते.

काका माझे नात्यानं कुणी नाहीत. मूळचे नागपूरचे, भूल देणारे डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलात तीसेक वर्षं लोकांना झोपवून, आणि मुख्य म्हणजे परत उठवून, रिटायर झाले. काकू गेल्यापासून एकटे राहायचे. मी पुण्याचा, बँकेतला सॉफ्टवेअरवाला. कुणाच्या तरी घरी जेवायला भेटलो, आणि त्यांचं ड्रायव्हिंग नुकतंच बंद झाल्यामुळे त्यांनी मला नदीवर नेण्यासाठी धरलं. आधी ड्रायव्हर होतो, मग हळूहळू शागीर्द झालो. पुण्याच्या माणसाला नागपूरच्या माणसाकडून मुकाट्यानं ऐकून घ्यायची सवय नसते, पण काकांचं मी ऐकायचो.

त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधून झिजत चालला होता. मधलं दिसत नव्हतं, कडेकडेचं दिसायचं. “तुझा चेहरा नाही, कान मात्र व्यवस्थित आहेत,” असं सांगायचे आणि स्वतःच हसायचे. त्या उन्हाळ्यात कडाही धुरकट झाल्या. तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून सरळ सांगितलं.

“पुढच्या सीझनला मी नदीवर नसणार. या वेळी मला एक दिवस पाहिजे. एकच. पण कुणीतरी सगळं हातात देतंय आणि मी नुसता उभा, असा नको. बॅग माझी, माशी मी निवडणार, गाठ मी मारणार. तू काठावर बसायचं आणि गप्प राहायचं. जमेल?”

“गप्प राहणं सोडून बाकी सगळं जमेल,” मी म्हणालो.

म्हणून ते सामान आमच्याकडे आलं. त्यांच्या घरात ते चार खोल्यांत आणि एका जिन्याखाली पसरलं होतं. तिथं ते आणखी हरवलं असतं. पाच शनिवार आम्ही दोघं त्या गॅरेजमध्ये बसलो. मी फरशीवर एक पांढरी चादर अंथरली होती आणि त्यांच्यासाठी मुलीचं स्टूल ठेवलं होतं.

पहिले दोन शनिवार फक्त टाकण्यात गेले. काकांचं म्हणणं असं, की ऑपरेशनच्या आधी ट्रॉलीवर हाताला लागेल तेवढंच ठेवतात. ज्याच्याकडे जास्त पर्याय, तो ऐनवेळी चाचपडतो. तीन रॉडमधला एक ठेवला, तेरा फुटी, दोन हातांनी फेकायचा, चार तुकड्यांत निघणारा. तुकडे एका रेषेत जुळवायला त्यावर बारीक ठिपके असतात, ते त्यांना दिसेनात. मी बायकोच्या नेलपॉलिशचे जाड थेंब प्रत्येक सांध्यावर दिले, बोटाला लागतील असे. (तिनं रंग विचारला नाही, बाटली मात्र परत मागितली.) पाण्यावर तरंगणारी दोरी, जरा बुडणारी आणि पार तळाला जाणारी, अशा तीन दोऱ्यांच्या पाकिटांना सुतळीचे तुकडे बांधले. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी.

खोट्या माशांचं काम सगळ्यात किचकट. शेकडो होत्या. काळ्या, नारिंगी, निळ्या, सोनेरी तार गुंडाळलेल्या. अमेरिकेत स्टीलहेड म्हणून असाच समुद्रातून नदीत येणारा मासा असतो. तिकडच्या एका जुन्या सहकाऱ्यानं त्यासाठीच्या जांभळ्या, बोटभर लांब माशाही पाठवलेल्या होत्या. मी आपला रंगांप्रमाणे ढीग करायला घेतले, तर काकांनी सगळे ढीग मोडले. “रंगांचं माझ्यासाठी संपलं. माशाला ते किती कळतात ते मासाच जाणे. मला वजन पाहिजे.” मग एकेक माशी चिमटीत फिरवून ते सांगायचे आणि मी ठेवायचो. नदी उतरलेली आणि पाणी स्वच्छ असेल तर लहान आणि हलकी. चढलेली, गढूळ आणि थंड असेल तर मोठी आणि जड. मधल्या पाण्याला मधली. तीन डब्या झाल्या, एकीला एक रबरबँड, दुसरीला दोन, तिसरीला तीन. जांभळ्यांपैकी दोन ठेवल्या. म्हणाले, “आमच्या नदीतल्या एखाद्याला अमेरिकेला जायचं असेल तर?”

चौथ्या शनिवारी गळांचे काटे चेपायचे होते. गळाच्या टोकाला मागं वळलेला एक बारीक काटा असतो, तो मासा सुटू देत नाही. तो दाबून सपाट केला की मासा सोडताना फार फाटत नाही. काका हे काम त्यांच्या हॉस्पिटलातल्या जुन्या चिमट्यानं करायचे. तीसेक गळ चेपून झाले असतील. तेव्हा मान वर न करता ते बोलायला लागले.

काका बौद्ध. रोज सकाळी पंचशील म्हणायचे, हे मला माहीत होतं. एकदा मी चेष्टेत विचारलंही होतं की काका, पंचशील आणि गळ एकाच घरात कसे? त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. या वेळी मी काही विचारलं नव्हतं.

“‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणतो मी रोज. जीवाला इजा करणार नाही म्हणतो. आणि मग हे. काटा चेपला म्हणून टोचत नाही असं थोडंच आहे? सोडून देतो, पण काही सोडल्यावर मरतातच, ते मला ठाऊक आहे. मी झोपवलेली दोन माणसं परत उठली नाहीत. ती दोघं जेवढी आठवतात ना, तेवढंच हे पण आठवतं. कमी नाही. पण सुटलं नाही माझ्यानं. आमच्या हिला सुद्धा कधी बोललो नाही मी.”

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार. मग त्यांनी पुढचा गळ मागितला.

पाचव्या शनिवारी सगळं तयार झालं. नदीवरचा दिवस आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा बुक केला होता, कारण दसऱ्याला त्यांचा कार्यक्रम असायचा. दीक्षेचा दिवस. पांढरे कपडे घालून ते शहरातल्या एका हॉलमध्ये जायचे, वंदना, भाषणं, जेवण. सामान तोवर आमच्याच गॅरेजमध्ये चादरीवर मांडून ठेवलं होतं, त्यांच्या हाताला लागेल त्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. वडील पुण्याच्या फ्लॅटमध्ये पकड, पाना, शिवणाचं मशीन, कात्री, सगळं पुसून पाटावर मांडायचे. मी इथं लॅपटॉप, ड्रिल आणि गाडीची पूजा करतो; फार मनापासून करतो असं नाही, पण चुकवत नाही. तबक घेऊन ड्रिलसाठी गॅरेजमध्ये गेलो, तर समोर ते चादरीवरचं सामान. पाच शनिवारांच्या मेहनतीचं. ते सोडून ड्रिलला कुंकू लावायचं? मी खाली बसलो आणि हळदकुंकू पाण्यात कालवून रॉडच्या मुठीला बोटं ओढली. दोरी गुंडाळायच्या रीलला लावलं, तिन्ही डब्यांना लावलं. अक्षता टाकल्या, सुपरमार्केटमधली शेवंती वाहिली. काकांना परवा एक मासा मिळू दे, असं म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं होतं.

काका बौद्ध आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याला मित्राचा पोस्टकोड माहीत असतो, तसं माहीत होतं.

दसऱ्याला दुपारी चारच्या सुमारास ते टॅक्सीनं आले. हॉलमधून थेट, पांढरा सदरा, वर कोट. उद्या निघायच्या आधी एकदा सगळं हातांनी तपासायचं म्हणाले. मीच त्यांचा कोपर धरून त्यांना स्टुलापर्यंत नेलं. पूजा तशीच होती. केलेली पूजा दसरा सरेपर्यंत हलवत नाहीत. माझ्या मनात काहीही आलं नाही. उलट, आता कौतुक होईल असं वाटत होतं.

त्यांचे हात डावीकडून निघाले. रॉडच्या मुठीवर थांबले. ती मूठ कॉर्कची, मऊ, आणि अंगठा यायचा तिथं इतक्या वर्षांत एक उथळ खळगा पडलेला. त्या खळग्यात त्यांचा अंगठा गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी तो नाकाजवळ नेला. मग रीलखालून तांदळाचा एक दाणा उचलून चिमटीत फिरवला, माशी फिरवायचे तसाच.

“हे काय आहे?”

“अक्षता असतील, काका. काल खंडेनवमी होती ना.”

“कुणी लावलं?”

“मी.”

“काहून लावलं? मला विचारलं होतंस?”

“अहो काका, त्यात विचारायचं काय? चांगल्या मनानं...”

“चांगल्या मनानंच लावतात सगळे.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी नऊ वर्षांचा होतो. दीक्षा घेऊन आल्यावर बापानं घरातले देव टोपलीत भरले आणि कन्हानच्या पाण्यात सोडले. आई रडत होती. बापाची एक कुऱ्हाड होती, दर दसऱ्याला तिला कुंकू लागायचं. त्या दिवशी त्यानं ती घासून घासून धुतली. म्हणाला, ही चालते ती माझ्या हातानं चालते. त्यानंतर आमच्या घरात कशाला हे लागलं नाही. आणि आज, आजच्या दिवशी, माझ्या सामानाला.”

इथं मी माफी मागून गप्प बसायला हवं होतं. मी उठून स्वयंपाकघरातून भांड्याचा साबण आणि स्पंज आणला. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी घासत गेलो आणि मूठ लाल होत गेली. कॉर्कला बारीक भोकं असतात, प्रत्येक भोकात रंग उतरला.

“निघतंय का?” काकांनी विचारलं.

“हो, निघतंय.”

“खोटं नको बोलूस. घासायचा जोर वाढत चाललाय तुझा.”

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणते. राग मला माझाच आला होता, पण तो काढायला समोर ते होते. मी स्पंज बादलीत आपटला.

“एवढं काय झालं, काका? आमच्याकडे लॅपटॉपला पण लावतात. कुंकवानं बाटलं सगळं? आणि मासे बरे चालतात तुमच्या पंचशीलात! गळ टोचताना नाही का आठवत वडील?”

बोललो, आणि बोलताक्षणी कळलं. गॅरेजच्या उघड्या दारातून शेजाऱ्याचा कचऱ्याचा ग्रीन बिन ओढल्याचा आवाज येत होता. काकांनी समोरची एक डबी उचलली. तिचे दोन्ही रबरबँड चाचपून नीट बसवले, ती जागेवर ठेवली आणि उठले.

“टॅक्सी बोलाव,” म्हणाले. ती येईपर्यंत ते बाहेर फुटपाथवर उभे राहिले. मी कोपर धरायला गेलो तर त्यांनी हात कोटाच्या खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे निघण्याआधी मी फोन केला. “वरच्या भागात पाऊस झालाय म्हणतात, नदी चढली असेल. राहू द्या. तुम्ही ऑफिसला जा,” काका म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी मला तुम्ही म्हटलं नव्हतं. मी नदीची पातळी ऑनलाइन बघितली. पाऊस नव्हता. पाणी हळूहळू उतरत होतं, स्वच्छ होत होतं, आणि सॅमनसाठी त्याहून चांगला दिवस त्या वर्षी आला नाही.

ऑक्टोबर संपला की आमच्या नदीवरचा सीझन बंद होतो. ते उरलेले आठवडे मी दर दोन दिवसांनी फोन करायचो आणि ते दर वेळी अतिशय सभ्यपणे “बघू” म्हणायचे. मीटिंगमध्ये बसून मी नदीची पातळी बघायचो. मग ऑक्टोबर संपला. हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांच्या कडाही गेल्या, हे मला त्यांच्याकडून नाही, दुसऱ्याच एका घरी जेवताना कळलं.

सगळं त्या कुंकवानं झालं, असं मी ठरवून टाकलं होतं. सोपं होतं ते. कुंकवाबद्दल मी त्यांना लांबलचक व्हॉइस नोट पाठवल्या. दीक्षेबद्दल वाचलं, जे मला शाळेत असतानाच वाचायला हवं होतं. त्यांच्याकडून “ठीक आहे” एवढंच यायचं. मग मला एक शहाणपण सुचलं. बर्मिंगहॅमला जुने रॉड दुरुस्त करणारा एक कारागीर होता, त्याच्याकडे रॉड घेऊन गेलो आणि मुठीचा सगळा कॉर्क नवा बसवून घेतला. दुधी रंगाचा, गुळगुळीत. त्यावर डाग शोधूनही सापडला नसता.

फेब्रुवारीत नवा सीझन उघडला, त्या आठवड्यात तो घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं. वाळले होते. खुर्चीत बसल्यावर मी रॉडचा खालचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, “बघा काका.” त्यांचा अंगठा मुठीवरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

“इथं खळगा होता.”

“नवीन कॉर्क आहे, काका. एक डाग नाही आता.”

“हं,” ते म्हणाले. “तीस वर्षं लागली होती तो पडायला.”

मला रडू आलं. कुंकवाबद्दल माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं, असं मी पुन्हा सगळं सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“किती वेळा सांगशील? कुंकू ते अडाणीपण होतं रे. अडाणीपण मी आयुष्यभर बघितलं, डॉक्टर झाल्यावर पण बघितलं. राग येतो, रात्रभर राहतो, जातो. सकाळी मी यायलाच निघालो होतो. बूट घालून बसलो होतो.”

“मग आला का नाहीत?”

त्यांनी अंगठा पुन्हा मुठीवर ठेवला. मग म्हणाले, “सोडलेले मासे मरतात, ते मला आठवतं, हे मी तुला सांगितलं होतं. आणखी कुणालाच नाही. तू बोललास ते खोटं नव्हतं, तेच तर. तुझा फोन वाजला आणि मी बूट काढले. आता दिसत नाही तर आवाज फार येतात मला. रॉड आठवला की तुझा येतो.”

त्यांनी तो तुकडा मला परत द्यायला पुढं केला. मी त्यांच्या उजवीकडे बसलो होतो. त्यांनी तो डावीकडे धरला, जिथं कुणी नव्हतं. मी उठून त्या बाजूला गेलो आणि तो घेतला.